कॅमेऱ्याची मान

साकोलीहून एक बँकेतले साहेब माझं घर शोधत आले. गाडीच्या मागच्या सीटवर, लेकराला निजवावं तसा, एक लाकडी कॅमेरा चादरीत गुंडाळून ठेवला होता. मोठ्या फिल्मचा, भात्याचा, काळ्या कपड्यात डोकं घालून बघायचा. कोणाकडून तरी जुना मिळवला होता. निवृत्तीनंतर हाच छंद करायचा म्हणाले. मग खिशातून कागद काढला. त्यावर प्रश्न लिहून आणले होते, आणि पहिलाच प्रश्न होता, याच्यासाठी ट्रायपॉडचं हेड कोणतं घ्यावं?

उत्तर एका वाक्याचं आहे. ते मी त्यांना दिलं, ते खूश होऊन गेले. पण ते वाक्य मी कुठे शिकलो हे त्यांना सांगितलं नाही. पहिल्या भेटीत पाहुण्यासमोर डोळे पुसणं बरं दिसत नाही. लिहिताना कोणी बघत नाही, म्हणून इथे सांगतो.

आमच्या घरात कॅमेरा नव्हता, माग होता. वडील भंडाऱ्यात कोष्टीपुऱ्यात धोतरं आणि लुगडी विणायचे. मी मागावर बसलो की काठ वाकडा जायचा, म्हणून त्यांनी मला वैतागून एका फोटो स्टुडिओत लावून दिलं. स्टुडिओच्या मालकांना सगळे मास्टर म्हणत. त्यांच्याकडे मी अकरा वर्षं होतो आणि त्यांच्या मागे स्टुडिओही मीच चालवला. ट्रायपॉडच्या हेडला मास्टर 'मान' म्हणायचे. "तीन पाय कोणाचेही मजबूत असतात," ते सांगायचे, "मान कशी हाय ते पाहा."

ज्यांनी हा कॅमेरा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुढे भिंग, मागे दुधी काच, आणि मध्ये हार्मोनियमला असतो तसा कापडी भाता. डोक्यावर काळं कापड घेऊन काचेत पाहिलं की समोरचं चित्र दिसतं, पण उलटं. माणसांचे पाय वर, डोकी खाली, उजवीकडचा डावीकडे. काही दिवसांत सवय होते. चित्र जुळवून घेतलं की काचेच्या पुढे होल्डर सरकवायचा. होल्डर म्हणजे वहीएवढा चपटा डबा, दोन्ही अंगांना एकेक फिल्म असलेला. तो आत गेला की काच बंद. म्हणजे ज्या घडीला खरा फोटो निघतो, त्या घडीला फोटोग्राफर आंधळा असतो. काचेत जे पाहिलं होतं ते अजून तिथेच आहे, एवढ्या भरवशावर तो बटण दाबतो. तो भरवसा म्हणजे हेड. कॅमेरा आणि तीन पाय यांच्या मधला जोड.

हेड मुख्यतः दोन तऱ्हेचं. एक दांड्यांचं: एक दांडा पुढे-मागे झुकवायला, एक डावी-उजवी बाजू वरखाली करायला आणि एक गरगर फिरवायला. प्रत्येक हालचाल वेगळी, प्रत्येकीची कळ वेगळी. एक सुधारताना दुसरी बिघडत नाही. दुसरं गोळ्याचं. खोबणीत एक लोखंडी गोळा, एक स्क्रू सोडला की कॅमेरा हवा तसा फिरवा, स्क्रू आवळला की झालं. झटपट काम, हातात हलकं, दिसायला सुंदर. छोट्या कॅमेऱ्याला ते चांगलंच. याला तिसरा भाऊ आहे, दात्यांच्या चाकांचा, चावी फिरवून केसभर सरकवता येतो. तो उत्तम, पण मी तो फक्त दुसऱ्याच्या हातात पाहिला.

साहेबांना मी म्हणालो होतो, दांड्यांचंच घ्या. त्याचं पहिलं कारण मला तुमसरच्या एका राईस मिलवाल्याने शिकवलं. त्याला गिरणीचा फोटो हवा होता, उंच चिमणीसकट. कॅमेरा वर तोंड करून लावला की चिमणी मागे कलंडल्यासारखी येते. ते त्याने दुसऱ्याच्या गिरणीच्या फोटोत पाहिलं होतं आणि त्या दुसऱ्याचा धंदा बसला होता. "माही चिमणी सरळ पाहिजे जी. चिमणी वाकली का गिऱ्हाईक वाकलं समजा." आमच्या कॅमेऱ्यात ती सोय असते. कॅमेरा अगदी सपाट ठेवायचा आणि नुसतं भिंग वर उचलायचं. पण त्यासाठी कॅमेरा चारी दिशांनी सपाट हवा, परातीत ओतलेल्या पाण्यासारखा. मी दांड्यांच्या हेडवर एकेक बाजू जुळवत गेलो आणि चिमणी अशी सरळ आली की शेठजींनी फोटोवर ओळंबा धरून पाहिला. ओळंबा हो, खरा, गवंड्याचा. त्यानंतर दर दिवाळीला त्यांच्याकडून तांदूळ यायचा.

ते हेड मास्टरांनी इथल्याच एका भांडी घडवणाऱ्याकडून करवून घेतलं होतं. भंडाऱ्यात पितळेचं काय होत नाही? वरची पाटी परातीच्या जाडीची, दांडे शिसमाचे, वजन साडेतीन किलो. गोळा-बिळा काही नाही. बैलाची मान असते तसं ते होतं, एकदा जू घेतलं की हलायचं नाही. मी त्यावर तीस वर्षं फोटो काढले. बपेऱ्याच्या शाळेचे सगळे वर्ग, मोहाडीतल्या लग्नाच्या पंगती, धरणाच्या कामावरचे इंजिनियर साहेब. डिजिटल आल्यावर बाकी काम गेलं, पण मोठं कुटुंब एका फोटोत, प्रत्येकाच्या डोळ्यातली बाहुली दिसेल असा, एवढं एक काम माझ्याकडे राहिलं.

मग गुडघे गेले. नागपूरच्या एका दुकानात मी एक गोळ्याचं हेड पाहिलं. काळं, गुळगुळीत, मुठीएवढं. दुकानदार म्हणाला पंधरा किलो पेलतं, तुमचा कॅमेरा तर चार किलोचाच. मी घेतलं. घरी दोन-चार फोटो काढून पाहिले, छान आले. खरं सांगायचं तर ते मला आवडलंच होतं. उतारवयात माणूस नव्या चपलेलाही भुलतो.

त्याच सुमारास वनिता नावाची एक शिक्षिका माझ्याकडे आली. लहानपणी शाळेच्या ग्रुपमध्ये मीच तिचा फोटो काढला होता, म्हणून काका म्हणायची. तिचं माहेर वैनगंगेच्या काठी, धिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ते गाव जाणार होतं. बहुतेक घरं उठली होती. पुनर्वसनात प्लॉट मिळाले होते, आणि तिचे भाऊ दुसऱ्या दिवशी घराची कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, उतरवणार होते. लाकूडफाटा, दारं, छपराचे फाटे सगळं नव्या जागी न्यायचं. "त्याच्या आधी सगळ्यांचा एक फोटो पाहिजे काका, घरासमोर. मायचा हट्ट हाय. मोबाईलचा नको म्हणते. तुमच्या मोठ्या कॅमेऱ्याचा पाहिजे."

निघताना माझी बायको कुसुम म्हणाली, "जुनं हेड घेऊन जा ना. कायले नव्याची हौस?"

"तू उचलून घेऊन येतं का ते तीन कोसावर?" मी म्हणालो. रस्ता उखडला होता हे खरं, शेवटचा नाला डोंग्यातून, छोट्या लाकडी नावेतून, पार करायचा होता हेही खरं. पण वनिताचा भाऊ सामान घ्यायला येणार होता हेही मला माहीत होतं. म्हणजे ते हेड मला उचलावं लागणारच नव्हतं.

घर साधं होतं, मातीचं, पुढे पडवी, अंगणात मासे वाळवायची जागा. शेजारची दोन घरं आधीच पाडली होती, त्यांच्या भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या. वनिताचे वडील दशरथभाऊ खाटेवर बसले होते. त्यांना उभं राहवत नव्हतं, खोकला होता. आई सुभद्राबाई उंच, काळीसावळी, बोलायला सडेतोड. तिने ओळ आधीच लावून ठेवली होती. मध्ये खाट, बाजूला ती, मग दोन मुलगे, सुना, वनिता, नातवंडं. सगळे मिळून अकरा. आणि उजव्या टोकाला एक पाट, पाटावर घडी घातलेलं मासे धरायचं जाळं, आणि पाटाच्या मागे एका माणसाची मोकळी जागा.

मी कपड्यातून डोकं बाहेर काढून म्हणालो, "बाई, ते जाळं उचलून घ्या. अन् तुम्ही सगळे थोडे इकडे सरका. टोकाले जागा खाली दिसून राहिली."

"राहू द्या जी. ते तसंच पाहिजे."

"फोटोत बरं नाही दिसत."

"बरं कायले दिसाले पाहिजे? हाय तसं दिसू द्या."

वनिताने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हा मी विचारायला हवं होतं. आयुष्यभर लोकांना 'हनुवटी खाली, खांदा इकडे' असे हुकूम सोडून माझी एक वाईट सवय झाली होती, आपल्यापेक्षा चौकट कोणाला जास्त कळते यावर माझा विश्वास नव्हता. बाईमाणसाचा हट्ट, असं मनात म्हटलं आणि चौकट थोडी रुंद केली. जाळं टोकाला आलं, पलीकडे दोन बोटं जागा राखून.

"सगळं आलं ना जी?" सुभद्राबाईने विचारलं.

"तुम्हीच पाहा," मी म्हणालो. गिऱ्हाइकाला काचेत बघू देणं ही मास्टरांची पद्धत. ती आली, मी तिच्या डोक्यावर काळं कापड धरलं. आतून तिचा हसण्याचा आवाज आला. "अगं बाई, सगळे वाघळावानी लटकून राहिले!" मग म्हणाली, "जाळं?"

"डाव्या बाजूला पाहा. काचेत उलटं दिसते."

"हाव. हाय." ती बाहेर आली, पदर सारखा केला आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

मी स्क्रू आवळला. डावीकडून होल्डर आत दाबला. या कॅमेऱ्याची पाठ ताठ असते, होल्डर बसवायला जोर लावावा लागतो. त्या जोराने गोळा खोबणीत केसभर फिरला. हाताला काही जाणवलं नाही. पितळी हेडवर तोच जोर मी हजारो वेळा दिला होता, म्हणून हातही बेफिकीर होता. कॅमेऱ्याची पाठ उजवीकडे ढकलली गेली म्हणजे तोंड डावीकडे वळतं, आणि चित्राची उजवी कड जाते. मी एक फिल्म काढली, होल्डर उलटा करून परत दाबला, दुसरी काढली.

फोटो झाल्यावर होल्डर काढून काचेत पुन्हा पाहायचं, हा मास्टरांचा नियम. चित्र जाग्यावर आहे का नाही ते एका नजरेत कळतं. मी पाहिलं नाही. दशरथभाऊंना खोकल्याची उबळ आली होती, नातवंडं पांगली होती, डोंगेवाला हाका मारत होता. ही सगळी कारणं मी नंतर स्वतःला सांगितली. खरं कारण एवढंच की मला त्या काळ्या गोळ्याची खात्री होती.

घरी येऊन फिल्म धुतल्या. दिव्यासमोर धरल्या तेव्हा चूक लगेच दिसली. दोन्हींत उजवी कड गेली होती. शेवटच्या नातवाचा खांदा पूर्ण होता, त्याच्यानंतर फोटो संपत होता. मग मी डोकी मोजली. अकरा. एकही माणूस कापला गेला नव्हता. आणि मला हायसं वाटलं, हे मी लपवणार नाही. उलट मनात आलं, बरंच झालं, टोकाची ती रिकामी जागा गेली, फोटो भरगच्च दिसतो. कुसुमला म्हणालोसुद्धा, "देव पावला."

तीन आठवड्यांनी मोठा फोटो फ्रेम करून पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत घेऊन गेलो. सिमेंटची एकसारखी घरं, झाड नाही, दारापुढे जुन्या घराचे फाटे रचून ठेवलेले. सुभद्राबाईने हात पदराला पुसले, फ्रेम मांडीवर घेतली. "कवेलू मोजता येते," ती म्हणाली. खरंच येत होती. तिने दारावरचा शेंदूर पाहिला, पडवीतली रांजणाची जागा पाहिली, नवऱ्याच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. मग ती एकेकाचं नाव घेत बोट उजवीकडे नेत गेली. शेवटच्या नातवानंतर बोट काचेवरून फ्रेमच्या लाकडावर गेलं आणि तिथे थांबलं.

"जाळं कुठं हाय जी?"

मी काहीतरी बोललो. थोडं कडेला गेलं, माणसं सगळी आलीत, असं काहीतरी. वनिता उठली आणि मला बाहेर घेऊन गेली.

सुभद्राबाईचा धाकटा मुलगा सुखदेव. बावीस वर्षांचा असताना पुरात डोंगा उलटून गेला. आठ दिवस शोधला, सापडला नाही. सापडला नाही म्हणून त्याची माती झाली नाही, राख झाली नाही. त्याचा एकही फोटो नव्हता. शाळेत तो दोन वर्षंच गेला, आणि ग्रुप फोटोच्या दिवशी तळ्यावर मासे धरत होता. मागे राहिलं ते त्याने स्वतः विणलेलं जाळं. "माय दर सणाले त्याचं ताट वाढते काका. पंगतीत त्याची जागा ठेवते. भावाच्या लग्नातही ठेवली होती. आम्ही सगळे तसेच बसतो, आता सवय झाली." तिने मला दोष दिला नाही. "मी तेव्हाच सांगाले पायजे होतं," ती म्हणाली. त्याच्या जागेला मी 'जागा खाली' म्हणालो होतो, आणि ते सुभद्राबाईने ऐकलं होतं.

आत आलो. सुभद्राबाई तशीच बसली होती.

"मी पायलं होतं ना त्या काचेत," ती म्हणाली. "होतं ना तिथं?"

"होतं बाई."

"मंग गेलं कुठं?"

नदीने नेलेल्या पोराबद्दल तिने हा प्रश्न किती जणांना विचारला असेल. त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशी होतं. मी तिला सगळं सांगितलं, गोळा, खोबण, केसभर सरकणं, काचेत परत न पाहणं. "माह्या हातानं गेलं बाई. माही चूक." ती ऐकत होती. तिला किती समजलं माहीत नाही. फ्रेम मात्र तिने परत केली नाही. घराची तीच एक खूण होती आता.

तिथे जाऊन परत काढायला काही उरलं नव्हतं. भिंती पाण्यात गेल्या होत्या. मी म्हणालो, इथे येतो, नव्या घरासमोर काढू, पुन्हा सगळे उभे राहा, जाळं घेऊन. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. वनिताने दिवस ठरवला. मध्ये दोन महिने गेले. तेवढ्यात दशरथभाऊ गेले.

ठरलेल्या दिवशी मी पितळी हेड नेलं. स्वतः उचललं. दारासमोर तीन पाय रोवले, दांडे एकेक करून आवळले, सपाटी दाखवणाऱ्या नळीतला पाण्याचा बुडबुडा मध्यभागी आणला. कॅमेऱ्याला दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं, तसूभर हलला नाही. इतक्या काळजीने मी उभ्या जन्मात कॅमेरा लावला नसेल. वनिताने उजव्या टोकाला पाट ठेवला, पाटावर जाळं. मागे जागा सोडली. मुलगे, सुना, नातवंडं ओळीने उभे राहिले. या वेळी मी चौकट चांगली हातभर रुंद ठेवली.

"बाई, या. पाहून घ्या," मी म्हणालो.

ती आली. मी तिच्या डोक्यावर काळं कापड धरलं. या वेळी ती हसली नाही. बराच वेळ आत होती. कापड तिच्या श्वासाने हलत होतं. बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. आधी तिने सिमेंटच्या भिंतीकडे पाहिलं, निळ्या रंगाच्या दाराकडे पाहिलं.

"हे घर त्याले मालूम नाई जी," ती म्हणाली. "इथं त्याले कसं उभं करू?"

हातात होल्डर होता, तो तसाच धरून उभा राहिलो. ती ओळीच्या टोकापर्यंत गेली, वाकून पाटावरचं जाळं उचललं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं. दारातून वळून म्हणाली, "चहा ठेवते. पिल्याबिगर जाऊ नका." आणि आत गेली.

बाकीचे सगळे तसेच ओळीत उभे होते, कॅमेऱ्याकडे बघत, अजून फोटो व्हायचा आहे म्हणून.